तांबड्या विंचवाचे प्रथिन आणि पेशीतले छिद्र

१९७६ साली हिंमतराव बावस्कर हे तरुण डॉक्टर महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. रायगड जिल्ह्याचे नाव तेव्हा कुलाबा होते. त्याच वर्षी जर्मनीतल्या ग्योटिंगन शहरात एर्विन नेहेर आणि बर्ट झाकमान या दोन संशोधकांनी बेडकाच्या स्नायूवर काचेची अतिशय बारीक नळी टेकवली आणि पेशीच्या आवरणातल्या एकाच छिद्रातून वाहणारी वीज मोजून दाखवली. या दोन कामांचा एकमेकांशी काही संबंध असेल, असे त्या वेळी कुणाच्या मनातही आले नसते. पुढच्या पंधरा-वीस वर्षांत मात्र तो संबंध उघड झाला. तो जोडून दिला कोकणात घरोघरी भीती असलेल्या तांबड्या विंचवाने, त्याच्या विषातल्या प्रथिनांनी.

प्रथिनांचा अभ्यास करण्यासाठी आज ‘नॅनोपोअर’ तंत्राचा मोठा बोलबाला आहे. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जावा भाग. एवढ्या मापाच्या छिद्रातून क्षारयुक्त पाण्यातले आयन वाहू द्यायचे, त्यांचा प्रवाह सतत मोजत राहायचे आणि एखादा रेणू छिद्रात शिरला की प्रवाह किती घटतो, किती वेळ घटतो, यावरून तो रेणू ओळखायचा, असे हे तंत्र. त्याचा इतिहास सांगताना ऑक्सफर्ड, हार्वर्ड, कॅलिफोर्निया ही नावे घेतली जातात आणि ती योग्यच आहेत. पण त्या इतिहासाचे एक पान रायगडच्या विंचवाकडे नेते आणि ते मराठी वाचकाला माहीत असायलाच हवे.

पेणपासून नागोठणे, कोलाड, माणगाव, महाड, पोलादपूर असा मुंबई-गोवा महामार्ग खाली उतरतो. त्याच्या दोन्ही अंगांना, इकडे रोहा आणि मुरूडकडे, तिकडे सह्याद्रीच्या पायथ्याकडे, गावे-वाड्या पसरलेल्या. शेताचे बांध दगडांचे. पावसाळ्यासाठी रचून ठेवलेली लाकडे, भाताचा पेंढा, कौलांच्या आणि कुडाच्या सांदी या साऱ्या विंचवाच्या हक्काच्या जागा. मोठी काळी इंगळी दिसायला भयंकर, पण तिच्या डंखाने सहसा जीव जात नाही. जिवावर बेततो तो दोन-तीन इंचांचा तांबडा विंचू. डेन्मार्कचे कीटकशास्त्रज्ञ फॅब्रिसियस यांनी १७९८ साली त्याची शास्त्रीय नोंद केली. पुढे १९०० साली पोकॉक या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञाने त्याच्या इकडच्या प्रकाराला कोकणावरूनच ‘कोंकानेन्सिस’ असे नाव दिले.

नाव मिळाले, तरी हा विंचू माणूस मारतो कसा, हे कळायला आणखी पाऊणशे वर्षे जायची होती. डंख होई तो बहुधा संध्याकाळनंतर, लाकूडफाटा काढताना, पेंढा उचलताना, अंधारात अनवाणी चालताना. आधी मांत्रिक, मग झाडपाला, आणि माणूस अगदीच खालावला की दवाखाना. दवाखान्यात तरी काय होते? वेदना आणि तडफड शमवण्यासाठी गुंगी आणणाऱ्या औषधांचे मिश्रण, ज्याला डॉक्टर ‘लायटिक कॉकटेल’ म्हणत. शिवाय अ‍ॅट्रोपिन, स्टेरॉइडची इंजेक्शने. ही औषधे देऊनही धडधाकट मुले आणि तरुण माणसे काही तासांत दगावत. गंभीर लक्षणे असलेल्या रुग्णांपैकी २५ ते ३० टक्के मरत, असे त्या काळाबद्दलचे आकडे वैद्यकीय लेखनात वारंवार येतात.

बावस्करांनी केलेले पहिले मोठे काम म्हणजे बारकाईने पाहणे. प्रयोगशाळा नव्हती, अतिदक्षता विभाग नव्हता. रुग्णाची खाट, रक्तदाब मोजायचे यंत्र, स्टेथोस्कोप आणि वही एवढे होते. त्यांना एक क्रम दिसू लागला. काही रुग्णांना डंखाच्या जागी असह्य कळा येत, पण बाकी काही होत नसे. असे रुग्ण बरे होत. ज्यांना कळ फारशी नसे, पण थोड्याच वेळात उलट्या सुरू होत, अंगाला दरदरून घाम सुटे, हात-पाय गार पडत आणि पुरुषांच्या जननेंद्रियाला विनाकारण ताठरता येई, ते पुढे गंभीर होत. आधी रक्तदाब खूप चढे. काही तासांनी हृदय थकू लागे, नाडी कमजोर होई, श्वास लागे, फुफ्फुसांत पाणी भरे आणि खोकल्यावाटे गुलाबी फेस येई. हा फेस म्हणजे शेवट जवळ आल्याची खूण.

शेवटची खूण सगळ्यांनाच ओळखता येई. बावस्करांनी पहिल्या खुणा ओळखल्या. घाम, उलटी, गार पडलेले हात-पाय ही पुढच्या हृदयविकाराची पूर्वसूचना आहे, असे सांगणारा त्यांचा निबंध १९८२ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला.

त्याच्या आसपास इस्रायलमध्ये मोशे गुएरॉन आणि त्यांचे सहकारी तिथल्या विंचूदंशाच्या रुग्णांवर काम करत होते. अ‍ॅड्रेनलिन आणि नॉरअ‍ॅड्रेनलिन ही संप्रेरके अशा रुग्णांच्या शरीरात भरमसाट वाढतात, हे त्यांनी दाखवले होते. कोकणातल्या लक्षणांची संगती त्यातून लागत होती. रक्तवाहिन्या आवळल्या जातात म्हणून हात-पाय गार, म्हणूनच रक्तदाब चढलेला, आणि त्या आवळलेल्या वाहिन्यांविरुद्ध रक्त ढकलताना हृदय थकते, म्हणून फुफ्फुसांत पाणी. मग रक्तवाहिन्या सैल केल्या तर? बावस्करांनी आधी सोडियम नायट्रोप्रुसाइड हे शिरेतून द्यायचे औषध वापरले. त्याचा गुण आला, पण ते थेंबाथेंबाने, डोळ्यांत तेल घालून द्यावे लागते. खेड्यात ते अवघड. तेव्हा त्यांनी उच्च रक्तदाबावरची प्राझोसिन ही साधी, पोटात घ्यायची गोळी निवडली. नॉरअ‍ॅड्रेनलिनचा संदेश रक्तवाहिन्यांवरच्या ज्या ग्राहकांना मिळतो, नेमके तेच ग्राहक हे औषध बंद करते. पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांच्यासह लिहिलेला प्राझोसिनवरचा त्यांचा निबंध १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्येच प्रसिद्ध झाला.

पुढे ठरलेली उपचाराची पद्धत साधी होती. वजनाच्या दर किलोमागे ३० मायक्रोग्रॅम प्राझोसिन, रुग्णाला आडवा ठेवून, कारण पहिल्या मात्रेनंतर एकदम उठून बसल्यास रक्तदाब कोसळू शकतो. मग दर तीन तासांनी पुन्हा मात्रा, हात-पाय कोरडे आणि गरम होईपर्यंत. औषध लागू पडते आहे की नाही, हे डॉक्टर रुग्णाचा तळपाय हातात घेऊन ठरवू शकत. गंभीर रुग्णांतले मृत्यूचे प्रमाण दोन-चार टक्क्यांपर्यंत खाली आले. २०२२ साली बावस्करांना पद्मश्री मिळाली, ती या कामाची आठवण देशाने ठेवल्याची पावती होती.

एक प्रश्न तरीही खाटेजवळ सुटण्यासारखा नव्हता. विषाचा एवढासा थेंब सगळ्या शरीरात संप्रेरकांचे हे वादळ उठवतो तरी कसा? उत्तर विषातल्या प्रथिनांत होते आणि ही प्रथिने काम करतात ती पेशींच्या आवरणातल्या छिद्रांवर.

प्रत्येक पेशीभोवती मेदाचे पातळ आवरण असते. सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम यांचे विद्युतभारित कण, म्हणजे आयन, या आवरणातून आपापले जाऊ शकत नाहीत. त्यांच्यासाठी आवरणात प्रथिनांनी बनलेली छिद्रे असतात. त्यांना आयन चॅनेल म्हणतात. मज्जातंतूत संदेश धावतो तो सोडियमची चॅनेल क्षणभर उघडून लगेच बंद होतात म्हणून. तांबड्या विंचवाच्या विषातली काही प्रथिने या सोडियम चॅनेलना चिकटतात आणि बंद होऊ देत नाहीत. संदेश थांबायचे नाव घेत नाही, मज्जातंतूंची टोके संप्रेरके ओतत राहतात आणि बिरवाडीच्या खाटेवर घाम फुटतो. विषातली दुसरी काही प्रथिने पोटॅशियमची चॅनेल अडवतात.

एखादे प्रथिन एखाद्या छिद्राशी नेमके काय करते, हे पाहण्याची साधने एव्हाना तयार झाली होती. त्यांची सुरुवात फार स्थूल मापावर झाली. वॉलेस कूल्टर या अमेरिकी अभियंत्याला १९५३ साली एक पेटंट मिळाले. बारीक छिद्रातून रक्तपेशी एकेक करून जाऊ द्यायच्या आणि दर पेशीमागे विद्युतप्रवाहात पडणारा खळगा मोजायचा, ही त्याची कल्पना. पेण-रोह्याच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये ‘सीबीसी’ करणारी अनेक यंत्रे आजही याच तत्त्वावर पेशी मोजतात. १९६२ साली पॉल म्यूलर, डोनाल्ड रुडिन आणि सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेत कृत्रिम मेद-आवरण ताणून दाखवले. आता पेशीतले एखादे छिद्र उचलून त्या स्वच्छ आवरणात बसवता येऊ लागले. मग १९७६ साली नेहेर आणि झाकमान यांनी जिवंत पेशीवर एकेका चॅनेलची उघडझाप टिपली. एक पिकोअ‍ॅम्पिअर म्हणजे सेकंदाला सुमारे ६२ लाख आयन. अशा मोजक्या पिकोअ‍ॅम्पिअरच्या पायऱ्या कागदावर उमटू लागल्या. या कामासाठी दोघांना १९९१ साली नोबेल मिळाले.

या साधनांपुढे विंचू आले ते १९८५ साली. क्रिस्टोफर मिलर, एडवर्ड मोक्झिडलोव्स्की, रामोन लाटोरे आणि मेरिडिथ फिलिप्स यांनी पश्चिम आशियातल्या एका विंचवाच्या विषातले ‘कॅरिब्डोटॉक्सिन’ हे प्रथिन मोठ्या क्षमतेच्या पोटॅशियम चॅनेलला एकेक करून अडवते, असे ‘नेचर’मध्ये दाखवले. पाच वर्षांनी, १९९० साली, मर्क कंपनीच्या संशोधकांनी भारतीय तांबड्या विंचवाच्या विषातून असेच, पण अधिक नेमके प्रथिन वेगळे काढले. त्याचे नाव आयबेरिओटॉक्सिन. अवघ्या ३७ अमिनो आम्लांची साखळी, तीन गंधक-बंधांनी घट्ट आवळलेली. कॅरिब्डोटॉक्सिनशी तिचे साम्य ६८ टक्के. कॅरिब्डोटॉक्सिन इतर काही पोटॅशियम चॅनेलही अडवते. हे नवे प्रथिन मात्र कॅल्शियमच्या इशाऱ्याने उघडणारे मोठ्या क्षमतेचे चॅनेल निवडून पकडत होते.

त्याचा प्रयोग जवळून पाहण्यासारखा आहे. १९९२ साली कँडिया, गार्सिया आणि लाटोरे यांनी कृत्रिम मेद-आवरणात स्नायूतले एकच चॅनेल बसवले. दोन्ही बाजूंना क्षारांचे द्रावण. पडद्यावर प्रवाहाची रेघ वरखाली उड्या मारत होती, म्हणजे छिद्र उघडत-मिटत होते. मग बाहेरच्या बाजूला आयबेरिओटॉक्सिन सोडले. रेघ एकदम सपाट झाली आणि मिनिटांमागून मिनिटे सपाटच राहिली. मग अचानक उड्या पुन्हा सुरू. प्रथिनाचा एक रेणू छिद्राच्या तोंडात बाटलीच्या बुचासारखा बसला होता आणि आता निघून गेला होता. आतल्या बाजूने तेच प्रथिन टाकले तर काहीच होत नसे. एक रेणू, एक छिद्र, आणि तो किती वेळ बसला याची घड्याळावर मोजलेली नोंद. प्रथिनाचे कार्य याहून थेट क्वचितच कुणी पाहिले असेल.

इथे काळजीपूर्वक एक गोष्ट वेगळी ठेवायला हवी. रुग्णाच्या जिवावर उठतात ती मुख्यतः सोडियम चॅनेल उघडी ठेवणारी प्रथिने. आयबेरिओटॉक्सिन हा त्याच विषातला एक छोटा घटक. पण विज्ञानाच्या दृष्टीने तोच फार मोलाचा ठरला. रक्तवाहिन्या, मूत्राशय, मेंदू यांतले हे विशिष्ट चॅनेल काय काम करते, हे तपासायचे तर आयबेरिओटॉक्सिन टाकून ते बंद करून पाहायचे, ही जगभरच्या प्रयोगशाळांची रीत होऊन बसली.

विंचवाच्या प्रथिनांनी आणखी एक वाट दाखवली. मिलर यांच्या प्रयोगशाळेत काम केलेल्या रॉडरिक मॅकिनन यांनी १९८९ साली कॅरिब्डोटॉक्सिन चॅनेलला कुठे चिकटते, याचा माग काढला. जिथे बूच बसते, तिथेच छिद्राचे तोंड असणार, हा तर्क. १९९८ साली मॅकिनन यांनी पोटॅशियम चॅनेलची अणूंपर्यंतची रचना क्ष-किरणांनी उलगडली आणि २००३ साली त्यांना नोबेल मिळाले.

तोवर काही संशोधकांनी हाच विचार उलटा करून पाहिला होता. छिद्राचा अभ्यास करायला प्रथिन वापरता येते, तर प्रथिन किंवा डीएनए वाचायला छिद्र का वापरू नये? डेव्हिड डीमर यांनी १९८९ साली आपल्या वहीत छिद्रातून सरकणाऱ्या डीएनएचे रेखाटन केले. १९९६ साली जॉन कॅसियानोविच, एरिक ब्रँडिन, डॅनियल ब्रँटन आणि डीमर यांनी ते प्रत्यक्षात आणले. त्यांनी वापरलेले छिद्र एका जिवाणूचे शस्त्र होते. स्टॅफिलोकॉकस ऑरियसचे अल्फा-हिमोलायसिन हे विषारी प्रथिन आपल्या पेशींना भोके पाडते. सात सारख्या तुकड्यांचे हे छिद्र सर्वांत अरुंद जागी १.४ नॅनोमीटर रुंद आहे. डीएनएचा एक धागा त्यातून जाताना प्रवाह घटला, आणि धागा जितका लांब तितका जास्त वेळ घटला. पुढे ऑक्सफर्डमध्ये आलेल्या हेगन बेली यांनी या छिद्रांचे रूप हवे तसे बदलण्याची कला विकसित केली. २००५ साली त्यातून कंपनी उभी राहिली आणि २०१४ साली मुठीत मावणारे डीएनए-वाचन यंत्र संशोधकांच्या हाती आले.

प्रथिनांनी मात्र बराच काळ दाद दिली नाही. डीएनएला चारच अक्षरे, प्रथिनांना वीस. डीएनएवर सगळीकडे ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे विजेच्या ओढीने ते छिद्रातून सरळ खेचता येते. प्रथिनावर कुठे धन, कुठे ऋण, कुठे काहीच नाही. शिवाय प्रथिन घड्या घालून गोळा झालेले असते. आयबेरिओटॉक्सिनसारख्याला तर गंधक-बंधांच्या गाठीही असतात. गाठ सोडवल्याशिवाय असा रेणू अरुंद छिद्रातून जाणार नाही आणि गेलाच तर इतक्या वेगाने जाईल की काही वाचता येणार नाही.

उपाय सापडला तो पुन्हा जिवाणूंकडेच. पेशीत नको असलेली प्रथिने उलगडून ओढणारी ‘क्लिप-एक्स’ नावाची रेणूयंत्रे असतात. २०१३ साली कॅलिफोर्नियात जेफ निवाला, डग्लस मार्क्स आणि मार्क एकेसन यांनी ही मोटर छिद्राच्या पलीकडे बसवून प्रथिनाचा धागा ओढून घेतला. २०२१ साली नेदरलँड्समध्ये सीस डेकर यांच्या गटातल्या हेन्री ब्रिंकरहॉफ यांनी प्रथिनाच्या तुकड्याला डीएनएची शेपटी जोडली. डीएनएवर पावले टाकत चालणारे हेलिकेज हे प्रथिन त्या शेपटीवर चालले आणि मागून प्रथिनाचा तुकडा छिद्रातून एकेक पायरी सरकला. तोच रेणू त्यांनी पुन्हा पुन्हा वाचला. एका जागचे एक अमिनो आम्ल बदलले असेल तर ते ओळखण्यातली चूक दहा लाखांत एकाहूनही कमी झाली. २०२४ साली निवाला यांच्याच सिएटलमधल्या गटाने लांब प्रथिनांचे धागे असे अनेकदा वाचून दाखवले, तेही बाजारात मिळणाऱ्या नॅनोपोअर यंत्रावर. पूर्णपणे अनोळखी प्रथिन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अक्षरन् अक्षर वाचणे अजून साधलेले नाही. पण ओळखीच्या प्रथिनांतला सूक्ष्म फरक हुडकणे आवाक्यात आले आहे.

हाच सूक्ष्म फरक कोकणासाठी महत्त्वाचा आहे. तांबडा विंचू कोकणातही आहे आणि घाटावरही. पण त्याच्या डंखाचे गांभीर्य सगळीकडे सारखे नाही. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पश्चिम महाराष्ट्रातल्या या विंचवांच्या विषाचे वस्तुमान-वर्णपट काढले, तेव्हा कोकण आणि दख्खनच्या पठारावरच्या विषांत प्रथिनांचा संच वेगवेगळा आढळला. जात एक, पण विषाची घडण मुलुखागणिक निराळी.

उपचारावर याचा परिणाम होतो. प्राझोसिन विषाला हात लावत नाही, विषाने उठवलेले वादळ शमवते. विष स्वतः निष्प्रभ करायचे तर प्रतिविष लागते, आणि ते घोड्याला विंचवाचे विष टोचून, त्याच्या रक्तात तयार झालेल्या प्रतिपिंडांपासून बनवतात. मुंबईच्या हाफकिनने असे प्रतिविष तयार केले. बावस्कर दांपत्याने महाडला ७० रुग्णांवर चाचणी घेतली. निम्म्यांना केवळ प्राझोसिन, निम्म्यांना प्राझोसिन आणि प्रतिविष. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २०११ साली आलेल्या निष्कर्षानुसार प्रतिविष मिळालेले रुग्ण सरासरी ८ तासांत सावरले, न मिळालेल्यांना १७.७ तास लागले. प्रतिविष ज्या विषावर बेतलेले असेल, त्या विषातल्या प्रथिनांवर ते नीट चालणार. रोह्याच्या विंचवातले एखादे घातक प्रथिन त्या मूळ विषात अगदी थोडे असेल, तर त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडेही थोडीच तयार होतील.

म्हणून पेण, रोहा, महाड, पोलादपूर अशा तालुक्यांतून विंचवाच्या विषाचे नमुने पद्धतशीर गोळा व्हावेत, प्रत्येक नमुन्यातली लहान-लहान प्रथिने वेगळी करून ओळखावीत आणि त्यांच्याशी प्रतिविषाची गाठ घालून पाहावी. पुण्या-मुंबईच्या संशोधन संस्थांकडे प्रथिने तपासण्याची यंत्रणा आहे, हाफकिनकडे प्रतिविषाचा अनुभव आहे आणि रुग्णाची लक्षणे तासातासाने टिपून ठेवण्याची परंपरा खुद्द रायगडात आहे. जगाने या विंचवाचे एक प्रथिन घेऊन पेशीच्या छिद्रांचे शास्त्र पुढे नेले. त्या शास्त्रातून निघालेली साधने आता याच विषाच्या पूर्ण तपासणीला लावली, तर जिल्ह्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांना आपल्या भागातल्या विंचवावर नेमके लागू पडणारे प्रतिविष मिळू शकेल.